खालून आलेला पाऊस

केदारनाथला निघाले ती आबांच्या, माझ्या वडिलांच्या हट्टाखातर. माझा देवावर विश्वास होता की नाही, हे मलाच नीट सांगता आलं नसतं. मी हात जोडायचे, पण मागायचे काही नाही. माणसांकडेही कधी काही मागितलं नाही.

सकाळी गौरीकुंडाहून निघताना आभाळ निळंशार होतं. आबांनी दोघांचे रेनकोट खोलीवरच ठेवले. "असल्या आभाळातनं आठ दिस पाणी पडत न्हाय. वझं कशाला?"

"आबा, हे आपलं शेळगाव नाही."

"तुमच्या इंग्लिश शाळंत आभाळ कुठं शिकवत्यात?" ते हसले, मीही हसले. आमच्या इंदापूरकडे ढग दिसला तरी पाऊस येईलच असं नसतं, आणि निरभ्र आभाळ कधी फसवत नाही. मलाही ते पटलं.

दुपारी ढग आला तो खालून. दरीतून पांढरा, आवाज न करता चढत आला, आणि वाट, खेचरं, पुढची माणसं त्यात विरघळून गेली. थोडा वेळ वाटलं, आपण झोपेतच चाललोय. मग गारा सुरू झाल्या. आबा भिजले, थरथरत दगडाला टेकून बसले. ओठ निळे, जीभ जड. मी त्यांच्याभोवती ओढणी गुंडाळली, तीही ओलीच. खेचरांच्या घंटा ऐकू येत होत्या, माणूस दिसत नव्हतं. शेवटी किंचाळलेच, "देवा, कुणीतरी या!"

धुक्यातून एक मोठी काळी छत्री पुढे आली. छत्रीखाली आईच्या वयाची बाई होती. मोडक्या हिंदीत म्हणाली, ती केरळची, त्यांच्याकडे छत्रीशिवाय कुणी उंबरा ओलांडत नाही. तिनं आबांचा ओला सदरा काढला, त्यांना स्वतःचा कोरडा स्वेटर घातला, आणि बोटांत ऊब येईपर्यंत त्यांचे हात चोळत राहिली.

"कुठली गं तू, माय?" आबा पुटपुटले. तिला मराठी कळलं नसावं. ती फक्त हसली. गारा थांबल्यावर छत्री माझ्या हातात देऊन ती वर निघून गेली. नावही विचारायचं राहिलं.

आम्ही तिथूनच परतलो. मंदिराचा कळसही दिसला नाही. कुणी याला योगायोग म्हणेल, मी वाद घालणार नाही. एवढंच कळलं, की आपली सगळी ताकद संपते तिथं हाक मारायला लाजू नये.

घरी आईनं दारातच विचारलं, "दर्शन झालं का?"

आबांनी माझ्याकडे बघितलं.

"झालं," मी म्हणाले.