तांबडा जीव आणला कुणी?

संशोधन केंद्रातले सगळे तिला ताई म्हणत, अगदी तिच्या वडिलांच्या वयाचे सरसुद्धा. बेटांवरच्या गोड्या तळ्यांत जाळी फिरवायची, पाणी बरणीत भरायचं आणि मग मायक्रोस्कोपखाली मान मोडेस्तोवर बसून त्यातले ठिपक्याएवढे जीव ओळखायचे, हे तिचं काम. आई म्हणायची, "लोकांच्या मुली शिकून कुठल्या कुठे जातात, आमची पाण्यातल्या उवा बघते." ताई ते हसण्यावारी न्यायची. एका जातीवर तिचा भारी जीव होता. इतकी पारदर्शक, की बिचारीला पोटातलं शेवाळही लपवता येत नसे. ताई या जिवांना लाडानं 'काचकी' म्हणायची.

यंदा काचकी घटल्या आणि त्यांच्या जागी एक दांडगा तांबडा जीव वळवळू लागला. पहिल्या बेटावर तो सापडला तेव्हा ताई नाचायचीच काय ती बाकी होती. दुसऱ्या, तिसऱ्या बेटावरही तोच निघाला आणि तो काचकी मटकावतो हेही दिसलं, तेव्हा मात्र ती फेऱ्यांची वही काढून बसली. या सगळ्या तळ्यांत जाऊन आलेली एकच वस्तू होती. तिची जाळी.

"पक्ष्यांच्या पायांना चिकटूनही जातात असले जीव," सर म्हणाले.

"आणि जाळीला चिकटून?"

"तसंही झालं असेल. नसेलही." सरांनी चष्मा पुसला. "ताई, माझं डोकं खाऊ नका. आधीच चालत नाहीये."

तिच्या डोक्याचा तर पार भुगा झाला होता. चिकटलेले जीव मरावेत म्हणून जाळी ती दरवेळी उन्हात वाळवायची. वाळवायची ना? आठवायला जावं तर दोन्ही खरं वाटायचं. अखेर तिला एक तोड सुचली. होडी वाटेत प्यायचं पाणी भरायला थांबते, त्या चिमुकल्या बेटावरच्या तळ्यात केंद्रानं कधीच जाळी टाकली नव्हती. तांबडा तिथेही असला, तर तो पक्ष्यांनी नेला, ताई सुटली. नसला, तर पाप तिचंच.

नवी कोरी जाळी घेऊन ती निघाली. होडी थोरल्या भावाची. केंद्राच्या सगळ्या फेऱ्या तोच मारायचा. तळ्याच्या काठावरच तिनं बशीत पाणी ओतून भिंग लावलं. तांबडे! हे एवढे!

"दादा, इथेही आहेत रे! मी नाही आणले!" तिला रडूच फुटलं.

दादाला काही कळेना. "कोण आहेत? आणि एवढ्यासाठी तळ्यापर्यंत कशाला आलीस? मला सांगायचंस. मी येतोच की इथे दरवेळी, तुझी जाळी खळबळायला."

"माझी जाळी?"

"मग! खारं पाणी उडून कडी गंजते तिची. तू होडीत दमून झोपलेली असतेस, म्हटलं कशाला उठवा." दादा कौतुकाची वाट बघत उभा राहिला.

म्हणजे तांबडा इथून सगळीकडे गेला? की सगळीकडून इथे आला? की पक्ष्यांनीच आणला आणि जाळीचा काही दोषच नाही? ताईनं तोंड उघडलं, पण रागवायचं तरी कुणावर? "बरं केलंस," एवढंच ती म्हणाली.

बशीत तांबड्यांच्या गर्दीत एकच काचकी होती. ताईनं ती अलगद ड्रॉपरमध्ये ओढून घेतली आणि तशीच बसून राहिली.

"सोड की तिला आता," दादा म्हणाला. "ऊन चढतंय."

"कुठे सोडू, दादा?"