अडलेल्या गाड्या सोडवणारी

आमची अंजूरची भातशेती गोदामाला गेली तेव्हा वडिलांनी एकच अट घातली, घरातल्या एकाला आत नोकरी. आमच्या पट्ट्यात तशी रीतच आहे. भाऊ त्याच्या रिक्षातच खूश, म्हणून खुर्ची माझ्या वाट्याला आली. काम काय, तर अडलेल्या गाड्या सोडवायच्या. कुणाची पावती चुकली, कुणाच्या हळदीचा मांडव रस्त्यातच घातलाय, की फोन मला.

गेल्या वर्षी मॅनेजर म्हणाले, "मॅडम, डोक्यातलं सगळं सिस्टिमला शिकवा. एआय तुमचा भार हलका करेल." भार हलका म्हणे. मी कुठे कण्हत होते? पण आमची हौस दांडगी. कुठली गाडी का थांबवली, का सोडली, रोज टाइप करत बसले. सिस्टिमही भोचक, उलट विचारायची, मांडव किती वेळ असतो, दुसरा रस्ता कोणता. मी आपली सांगतेय, आमच्यात हळद लग्नापेक्षा मोठी, रस्ता दुसऱ्या दिवशीच मोकळा होतो, गाडी वळ गावाच्या बाजूनं घ्यायची. यंदा कुणाकुणाच्या घरी लग्न आहे तेही सांगून टाकलं. स्वतःच्याच पायावर धोंडा, तोही हौसेनं.

मग ऑफिसच्या भिंतीवर सगळ्या कामाचा नकाशा लागला. चौकटी, बाण. त्यात माझी चौकटच नव्हती. विचारलं तर म्हणे, अजून काही ठरलेलं नाही. डोकं सणकलं. घरी बोलले तर वडील हसले. "जागा आपली व्हती गो. तुला कोन काढतंय?" त्यांना शब्द देणारा बिल्डर केव्हाच गोदाम विकून गेलाय, नव्या मालकाला ती अट माहीतही नाही, हे त्यांना कोण पटवणार?

आणि मग आमच्याच भावाची हळद आली. मांडव नेमका गोदामाच्या रस्त्यावर. सुट्टी घेतली तरी मी फोन कमरेला खोचूनच फिरत होते. दुपार झाली, बायकांनी धवले गायला सुरुवात केली, फोन गप्प. शेवटी मीच गेटवर लावला. वॉचमन म्हणाला, "सब गाड़ी सुबह से वळ की तरफ से आ रही है, दीदी. आप आराम से हल्दी खेलो."

वडील पिवळे हात पुसत आले. "बघ, आज तुला कुनी तरास दिला न्हाय. साहेब चांगला हाय."

मी हो म्हटलं. मांडवात दुसरं काय म्हणणार?