बिनडोक्याचा मासा

सुहासिनीकाकू मूळच्या वेंगुर्ल्याच्या. कल्ले उचलून बघितल्याशिवाय मासा घ्यायचा नाही, हा त्यांचा नियम न्यू जर्सीतही टिकला होता. मासेवाला वैतागायचा, काकू ढिम्म. तो नियम त्यांनी एकदाच मोडला, १९८५च्या उन्हाळ्यात, तोही लेकीपायी. दीपा इथेच जन्मलेली. ताटातला मासा आपल्याकडे बघतो म्हणून ती कालवणाला हातच लावायची नाही, आणि काकूंना ते फार लागायचं. म्हणून त्यांनी सोललेला, बिनडोक्याचा ‘सी स्क्वॉब’ आणला. नावावरून काही पत्ता लागणं शक्यच नव्हतं.

रविवारी जेवायला मी होतोच. मी त्यांच्या शेजारी एकटा राहायचो आणि लाज मला नव्हती. काकूंनी माहेरून आलेली तिरफळं ठेचून कालवण केलं. मधे एकच काटा, मांस पांढरंशुभ्र. दीपाने मागून घेतलं, पुन्हा घेतलं. काकूंचा चेहरा असा फुलला की मी चक्क माझा हात आवरता घेतला.

मग दीपाने विचारलं, “आई, व्हॉट फिश इज धिस?” नाव ऐकून ती थबकली. “आई, दॅट्स ब्लोफिश! द वन दॅट पफ्स अप. इट्स पॉयझनस!”

“फुगतो?” जगन्नाथकाकांचा घास हातातच राहिला. “अगं, म्हणजे केंड!”

वेंगुर्ल्यात जाळ्यात केंड आला की वाळूत फेकतात. विषारी म्हणून तो कुणी घरात आणत नाही.

“फर्स्ट युअर लिप्स गो नम्ब,” दीपा म्हणाली आणि तिने ओठांना हात लावला. “आई, माझे होतायत.”

माझेही झिणझिणत होते. काकांचेही. माझी तर पाचावर धारण बसली. काकूंनी दीपाला घट्ट धरलं. “मीच वाढलं गं तुला, मीच आग्रह केला,” एवढंच त्या म्हणत राहिल्या. काकांनी उरलेलं कालवण सिंकमध्ये ओतलं आणि पॉयझन सेंटरला फोन लावला.

पलीकडची बाई शांत होती. हा इथल्याच किनाऱ्यावरचा मासा, कातडी आणि पोटातलं सगळं काढलेलं शेपटाचं मांस इथे लोक खातात, असं ती म्हणाली. पण ओठांचं ऐकल्यावर तिने विचारलं, जेवणात आणखी काय होतं?

“कोकोनट, चिली...” काका आठवू लागले.

“अहो, तिरफळ!” काकू किंचाळल्या.

तिरफळाने ओठ बधिरतात हे आम्हाला लहानपणापासून ठाऊक. भीतीपोटी एकालाही आठवू नये? तरी लक्ष ठेवा, असं बाईने बजावलं. थोड्या वेळात झिणझिण्या गेल्या आणि आमचा जीव भांड्यात पडला. काकू रडल्या नाहीत, काकांवर उखडल्या. “एवढी तिरफळं सिंकमध्ये ओतलीत! आता कधी येणार पुढची?” ती कडकड ऐकून मला किती बरं वाटलं म्हणून सांगू!

“आई, परत करशील?” दीपाने विचारलं.

“करीन. पण डोकं असलेला मासा.”

दीपाने जरा विचार केला. “ओके. बट टर्न हिज फेस अवे.”

पुढच्या रविवारी बांगडा होता, कल्ले उचलून बघितलेला. काकूंनी त्याचं तोंड माझ्याकडे करून ठेवलं होतं.