बाळाच्या रडण्याची दोरी

गुरुदत्त सबनीस म्हणजे डोक्याला ताप. डेट्रॉइटजवळच्या नोव्हाय गावातल्या आमच्या मराठी गोतावळ्यात शनिवारी सगळे पत्ते कुटायचे आणि हा पठ्ठ्या बेसमेंटमध्ये जुनी वाजती यंत्रं उघडून बसायचा. मोटार कंपनीत आमची टेबलं शेजारी, म्हणून हमालीला कायम मीच.

चौऱ्याऐंशीच्या हिवाळ्यात त्याच्याकडे एक अजस्र पियानो दुरुस्तीला आला. मूकपटांच्या काळातला. सिनेमा चालू असताना वाजवणारा त्याच्या दोऱ्या ओढायचा. एक ओढली की घोड्याच्या टापा, दुसरी की गडगडाट, तिसरी की आगगाडीची शिटी. टापांची लाकडं कुजली होती, तर यानं रेखावहिनींच्या स्वयंपाकघरातल्या करवंट्या लावल्या. काय झकास वाजल्या! वहिनीसुद्धा हसल्या.

चौथ्या दोरीबद्दल मात्र तो वहिनींना बोलला नाही. ती ओढली की तान्हं बाळ रडायचं. आत चामड्याचा छोटा भाता आणि पेटीत असते तशी पितळी पत्ती. भाता फाटलेला, पत्ती कळकलेली. वहिनी लायब्ररीत कामाला गेल्या की हा त्या आवाजाच्या मागे. मी दोरी ओढायची, यानं डोळे मिटून ऐकायचं.

"नाही. असं नव्हतं."

की पुन्हा पत्ती घासायची. तीन आठवडे! कधी बकरी ओरडायची, कधी दाराची बिजागरी. एकदा तर हुबेहूब बाळ रडलं, तरी याचं आपलं "असं नव्हतं". मी भडकलो. "अरे, कसं नव्हतं? कुणाचं ऐकलंयस तू?"

त्यानं कानस खाली ठेवली. अडुसष्ट साली डेट्रॉइटच्या हॉस्पिटलात बाळंतपणाच्या वेळी नवऱ्यांना आत घेत नसत. वहिनी आत; बाहेर बसलेल्या गुरुदत्तला दाराआडून रडणं ऐकू आलं. शेजारच्या अनोळखी माणसाला त्यानं मिठीच मारली. दहा मिनिटांनी डॉक्टर बाहेर आले. यांचं बाळ रडलंच नव्हतं. ते रडणं दुसऱ्याच कुणाचं होतं.

"सोळा वर्षं कानात आहे रे," तो म्हणाला. "रेखाला काय सांगू? तेव्हा मी खूश झालो होतो म्हणून?"

उगाच विचारलं, असं झालं मला. तिथून पळून जावंसं वाटत होतं. पण त्यानं पत्ती परत बसवली आणि मी दोरी ओढली. बारीक आवाज, मध्येच श्वास अडकून तुटणारा. गुरुदत्त या वेळी नाही म्हणाला नाही.

बर्फामुळे त्या दिवशी लायब्ररी लवकर बंद झाली, हे आम्हाला काय माहीत! वहिनी केव्हापासून कोण जाणे जिन्यात उभ्या होत्या, कोटही न काढता. गुरुदत्त ताडकन उठला. "रेखा, अगं, हे मशीनमधलं आहे, मी फक्त..."

"हेच," त्या म्हणाल्या. "पलीकडच्या खोलीतलं. गुंगीत होते, तरी ऐकलं मी."

त्या तिथेच पायरीवर बसल्या.

"मलाही वाटलं होतं, आपलंच."