चादर पांढरी की रंगीत?

गल्लीच्या टोकाला एक लाँड्री आहे. तिच्या पाटीवर दुकानाच्या नावाहून मोठ्या अक्षरांत लिहिलंय, 'एका कपड्याचा रंग दुसऱ्याला लागणार नाही. हमी!' ही पाटी जिनं लावून घेतली तिला लहानथोर सगळे नीळआजी म्हणतात. पांढऱ्या कपड्यांना नीळ द्यावी तर तिनंच. चिमूटभर कमी नाही की चिमूटभर जास्त नाही. कोपऱ्यावरच्या दवाखान्यातले डॉक्टर म्हणायचे, आजींनी धुतलेला कोट घातला की पेशंटला उगाचच बरं वाटायला लागतं.

वय सत्त्याहत्तर. शाळा दुसरीत सोडली, ती सोडलीच. आता मशीनं नात सांभाळते, पण इस्त्रीचं टेबल आजीनं कुणाच्या हाती दिलं नाही. "मशीनला कॉलर कळते होय?" असं म्हणायचं आणि पाण्याचा हबका मारायचा, हे तिचं रोजचं.

टेबलासमोर दोन खुर्च्या. एक तिच्या दादाची, एक भाऊजींची. दादा म्हणजे सख्खा थोरला भाऊ, जन्मभर पोस्टात टपाल लावलेला. भाऊजी म्हणजे धाकटे दीर, बस चालवून निवृत्त झालेले. आजीचा नवरा जाऊन वीस वर्षं झाली, पण सकाळी आठ वाजले की हे दोघे हजर. दादा मोठ्यानं पेपर वाचणार, भाऊजी गिऱ्हाइकांची तुटकी बटणं लावणार. बसचं चाक फिरवलेले जाडजूड हात, पण बटण असं लावायचे की शर्ट फाटेल, बटण निघायचं नाही.

आणि आता तीन आठवडे झाले, भाऊजींची खुर्ची रिकामी. बटणांचा डबा भरून वाहायला लागला. आजीनं त्यांचा कप रोज काढायचा आणि रोज तसाच उलटा ठेवायचा. हे सगळं झालं एका पुस्तकापायी. त्यातही एकशे बाराव्या पानापायी.

झालं होतं असं. पंचावन्न वर्षांपूर्वी, लढाईच्या दिवसांत, गावावर शत्रूचा पहारा होता. दादा पथकाचा प्रमुख. तो आणि भाऊजी समोरच्या टेकडीवर लपून असायचे. गावातून निरोप, औषधं, नकाशे आणायचे. आजी तेव्हा बावीस वर्षांची, नुकतीच या घरात आलेली सून. लाँड्रीची गच्ची टेकडीवरून दिसायची, म्हणून खूण ठरली. गच्चीवर पांढऱ्या चादरी दिसल्या तर रस्ता मोकळा, संध्याकाळी खाली या. रंगीत दिसल्या तर जागचं हलू नका. हे कुणाला सांगायचं नाही अशी तिघांनी शपथ घेतली होती, आणि ती इतकी पाळली की लढाई संपली त्या दिवशीचं एक बोलणं सोडलं तर पुढे आपसांतसुद्धा कधी त्यावर अक्षर काढलं नाही. मग यंदा सरकारनं जुने कागद खुले केले, त्यांत पथकांचे अहवालही निघाले, आणि एका पुस्तकवाल्यानं त्यावर जाडजूड पुस्तक लिहिलं.

पुस्तक घरी आलं त्या दिवशी नातीनंच कौतुकानं वाचून दाखवलं. "'त्या सकाळी गच्चीवर रंगीत चादरी फडकत होत्या. पथकप्रमुखाने इशारा तत्काळ ओळखला. त्याच्या सोबत्याला मात्र रंग ओळखता आला नाही. टेकडीच्या वाटेवरील पिठाच्या जुन्या गिरणीत शत्रू दबा धरून बसला आहे, ही खबर काढून लाँड्रीतील तरुणीने आपल्या असामान्य हुशारीने दोन प्राण वाचवले.'"

भाऊजींच्या हातातली सुई थांबली. "कुणाला ओळखता आला नाही?"

"सोबत्याला," नात म्हणाली, आणि मग जीभ चावली.

"सोबती म्हणजे मी. टेकडीवर हा, मी आणि एक सरडा, एवढेच होतो."

"मग सरड्याबद्दल लिहिलं असेल," दादा म्हणाला. त्याला विनोद करायचा होता. वेळ तेवढी चुकली.

"सरड्याला तरी रंग कळतात! चादरी पांढऱ्या होत्या."

"रंगीत होत्या."

"चाळीस वर्षं बस चालवली मी. लाल दिवा, हिरवा दिवा, एकदा चुकलो नाही!"

"सिग्नलला पांढरा दिवा नसतोच. तुला कुठून कळणार?"

"आणि तू? पाकिटांवरचे पत्ते वाचण्यात जन्म गेला तुझा. तू घाबरलास, म्हणून तुला रंग दिसले!"

घाबरलास म्हटलं आणि दादानं पेपरची घडी घातली. भाऊजींनी सुई गादीला टोचली, चप्पल घातली आणि चालते झाले. म्हाताऱ्यांचे रुसवे पोरांपेक्षा वाईट. पोरांना निदान भूक लागली की राग विसरतो. यांना भूकही बेताची. बेकरीपाशी समोरासमोर आले तर दादा आकाशाकडे बघायचा आणि भाऊजी आपल्या बुटांकडे. पाव मात्र दोघे एकाच भट्टीतला घ्यायचे.

पुस्तकवाला सज्जन माणूस. भाऊजींनी त्याला चार पानी पत्र धाडलं, दादानं सहा पानी. त्यानं हात टेकले. कळवलं की पुस्तकाची दुसरी आवृत्ती निघते आहे, गुरुवारी येतो, आजी सांगतील तेच छापतो.

म्हणजे सगळं आजीच्या गळ्यात. पांढऱ्या म्हणावं तर दादा भित्रा ठरतो. रंगीत म्हणावं तर भाऊजी आंधळे. एक खुर्ची कायमची रिकामी होणार हे नक्की, कुठली ते तिनं ठरवायचं. आणि खरं सांगावं, तर तिसरंच काही. ते तर तिनं नवऱ्यालासुद्धा सांगितलं नव्हतं.

खरं असं होतं की तिला कसलीही खबर नव्हती. गिरणीत कोण बसलंय, तिला काय ठाऊक! तिच्या मते रस्ता मोकळाच होता. तिनं सहा पांढऱ्या चादरी आणि उशीचे अभ्रे हंड्यात उकळायला टाकल्या, सोडा घातला, काठीनं ढवळलं. आणि वर काढून बघते तर काय, एका उशीच्या अभ्र्यात लाल लोकरीचा मोजा अडकून राहिलेला. सहाच्या सहा चादरी गुलाबी. तान्ह्या बाळाची टाच असते ना, तेवढ्या गुलाबी. घरात दुसऱ्या चादरी नव्हत्या. उन्हात लांबून कुणाला कळतंय, असं म्हणत तिनं त्याच दोरीवर घातल्या. टेकडीवर दोघांचं वाजलं, अंधार पडेपर्यंत वाजत राहिलं, आणि भांडणात खाली यायची वेळ टळून गेली. दुसऱ्या दिवशी गिरणीतून शत्रूचे आठ जण बाहेर पडताना साऱ्या गावानं पाहिले.

पुढे लढाई संपली त्या दिवशी दोघांनी तिचे पाय धरले होते, काय तुझी अक्कल म्हणून. तेव्हा भाऊजींनीही आपलीच नजर चुकली असं मानलं होतं, छापून आलं तेव्हाच ते डाचलं. ती गप्प राहिली. आपण यांना 'या' म्हणून बोलावलं होतं, हे सांगायला तोंड उघडेना. वर लाँड्रीवालीच्या हातून रंग लागला, ही शरम वेगळीच. त्यातूनच पुढे ती पाटी आली.

बुधवारी तिनं नातीला भाऊजींकडे पाठवलं. नात परत आली ती हसतच. "आजोबा म्हणतात, बटणं दादाकडून लावून घ्या, त्याला सगळं दिसतं."

"त्यांना म्हणावं, वहिनीनं बोलावलंय. साक्षीला. आणि यायचं नसेल तर तुमच्याकडची आमच्या स्वयंपाकघराची किल्ली परत आणून द्या."

किल्लीचं ऐकल्यावर भाऊजी आले. गुरुवारी बरोब्बर दहाला. पण खुर्चीवर नाही बसले, दाराशी धुण्याच्या गाठोड्यावर बसले. दादा आपल्या खुर्चीत ताठ. मधे पुस्तकवाला, मांडीवर वही.

"ताईला सांगून ठेवतो," दादा छताकडे बघत म्हणाला, "पांढरं नाही ते रंगीत. सरळ नियम आहे."

"वहिनी, त्यांना सांगा, पोस्टात नियम चालतात. टेकडीवर डोळे लागतात."

"दोघांनी तोंडं मिटा," आजी म्हणाली आणि तिनं इस्त्रीचं बटण बंद केलं. नात चपापलीच. कामाच्या वेळेत इस्त्री बंद झालेली तिनं कधी पाहिली नव्हती.

आजी टेबलाची गादी सोडायला लागली. वरचं जळकं कापड काढलं. त्याखाली घोंगडी. त्याखाली जुना पडदा, आणखी एक पडदा. अगदी तळाला एक चादर, चौघडी घातलेली. ती तिनं झटकून दोन हातांत धरली.

"ही त्या दिवशीची. सहातली एक. पंचावन्न वर्षं हिच्यावर इस्त्री फिरवतेय."

भाऊजी गाठोड्यावरून उठलेच. "बघा! पांढरी! छापा, छापा!"

खरंच की. वर्षानुवर्षं इस्त्रीची आच बसून चादर पार विटली होती. दादाचा चेहरा एवढासा झाला. त्याला धीर द्यावा म्हणून नात पुढे झाली, पण आजीनं तिला थांबवलं आणि कात्री घेतली. कडेची दुमड चार टाके उसवली, उलगडून उजेडात धरली. आतून चादर तशीच होती, गुलाबी.

मग आजीनं सगळं सांगितलं. हंडा, अभ्रा, मोजा. खबर नव्हती तेही सांगितलं. "मी तुम्हाला बोलावलं होतं," ती म्हणाली. "त्या गिरणीत. तुम्ही माझ्या पाया पडलात आणि मी पडू दिलं."

दादानं चष्मा काढून पुसला. भाऊजींनी ती दुमड बोटांनी चाचपली. बाहेर सायकलची घंटी वाजली, एक गिऱ्हाईक डोकावून आल्या पावली गेलं.

"म्हणजे," भाऊजी शेवटी म्हणाले, "मला दिसलं ते बरोबर होतं."

"आणि मलाही," दादा थेट त्यांच्याकडे बघून म्हणाला. तीन आठवड्यांत पहिल्यांदा.

"निम्मं."

"तुलाही निम्मंच."

"पण तू घाबरला नव्हतास. ते मी मागे घेतो."

"थोडासा होतो रे," दादा म्हणाला. "तू नव्हतास?"

"माझे पाय लटलट कापत होते. म्हणून तर एकदाचं खाली उतरून टाकू म्हणत होतो."

आधी भाऊजींना हसू फुटलं. त्यांचं हसणं जुन्या बसच्या इंजिनासारखं, सुरू व्हायला वेळ घेतं, मग थांबत नाही. "वहिनी, अहो, लाज कसली वाटते तुम्हाला? मोज्यानं वाचवलं आम्हाला! हुशार बाईच्या हातून मेलो असतो, वेंधळीच्या हातून वाचलो!"

"वेंधळी म्हणायचं काम नाही," आजी डोळे पुसत म्हणाली. "आयुष्यात एकदाच झालंय."

पुस्तकवाल्यानं विचारलं, "मग आजी, मी नक्की काय लिहू?"

"लिहा, चादरी गुलाबी होत्या. आणि लाँड्रीवालीला काडीची खबर नव्हती. ती असामान्य हुशारी खोडून टाका, ती मला घट्ट होते."

तो लिहू लागला, तेवढ्यात दादाच्या डोक्यात काहीतरी आलं. "थांबा. तो मोजा कुणाचा होता?"

दोघे एकमेकांकडे बघू लागले. कारण चादरी रंगल्या त्याच्या आदल्या आठवड्यात त्या दोघांनीच आपले मळके कपडे गुपचूप परसात आणून टाकले होते.

"लाल मोजे तुझेच," भाऊजी म्हणाले. "आईनं मला तपकिरी विणले होते."

"तुला तपकिरी आणि लाल यांतला फरक कळतो?"

"चाळीस वर्षं बस चालवली मी!"

"वहिनीला विचार."

"तुझी बहीण आहे, तू विचार!"

दोघे आजीकडे वळले. मोजा कुणाचा, हे तिला पक्कं ठाऊक होतं. पण तिनं चादर होती तशी घडी करून तळाला ठेवली, वर पडदे, घोंगडी अंथरली आणि इस्त्री सुरू केली. "ते मी सांगणार नाही. तुम्हाला रोज यायला काहीतरी कारण पाहिजे."

मग तिनं उलटा ठेवलेला कप सुलटा केला. भाऊजी वाद घालतच आपल्या खुर्चीत बसले आणि न बघता हात बटणांच्या डब्यात घातला.

नात दारात उभी राहून पाटीकडे बघत होती. "आजी, ती हमी पुसून टाकायची का गं?"

"पुसायची कशाला? खाली बारीक अक्षरांत लिहून घे, एक वेळ सोडून."

पेंटर शनिवारी आला. अक्षरं पांढऱ्या रंगात काढायची की लाल, यावर आतून दोन आवाज एकदम आले, आणि बिचारा शिडीवर तासभर ताटकळत उभा राहिला.