ओढ्यातला मांडव

आमच्या वस्तीमागचा ओढा दिघीच्या बाजूनं येतो आणि पुढे इंद्रायणीला मिळतो. पावसाळ्यात छातीएवढं पाणी, उन्हाळ्यात एखाद-दोन डबकी सोडली तर कोरडं पात्र. मोकळी जागा तेवढीच, म्हणून वस्तीतली लग्नं वर्षानुवर्षं त्या पात्रातच लागत आली.

शेजारच्या गोदामवाल्यानं त्यात राडारोडा टाकून पार्किंग करायला घेतलं. ओढा बुजला की पाणी आमच्या घरात येणार, हे कळायला शिक्षण लागत नाही. पण उपनद्या आणि ओढे वाचवायला राज्य कायदा करतंय, त्याच्या मसुद्यावर सूचना मागवल्यात, हे मला वाचून कळलं. मी घरातली पहिली ग्रॅज्युएट, आणि हे मी मुद्दाम सांगते. मसुदा अख्खा वाचला आणि सुनावणीला गेले. आमचा ओढा कायद्याखाली घ्या, म्हणाले.

गोदामवाल्याचा माणूस उठला, मोबाइलवरचा फोटो पुढे केला. "ताई, ओढा ओढा करताय, ह्यात तर मांडव दिसतोय. जिलेबी तुम्हीच वाढताय. मैदान आहे हे."

सगळे हसले. फोटो खरा होता. सुनावणी घेणारे साहेब म्हणाले, "मे महिन्यात जागा बघायला येतो."

मेमध्येच माझ्या भावाचं लग्न. घरी येऊन सांगितलं, मांडव ओढ्यात पडणार नाही.

आई भडकली. "सगळ्यांची लग्नं तिथंच झाली. माझ्याच लेकाचं का न्हाई?"

"आपलाच मांडव बघून साहेब म्हणेल, इथं ओढा नाही."

"आन् पंगत काय जिन्यावर बसवतीस?"

"बसवते."

दादा कंपनीतून सेकंड शिफ्ट करून आलेला. म्हणाला, "बसव बाई. बायकोला सांगतो, आपलं लग्न कायद्यात बसवलंय." आई हसली नाही, उठून पातेली मोजायला लागली.

लग्न गल्लीत लागलं. पाहुणे खरंच जिन्यावर जेवले आणि त्यांनी नावंही ठेवली. साहेब आले तेव्हा पात्रात दगड, डबकी आणि गोदामवाल्याचा राडारोडा, एवढंच होतं. साहेबांनी टाकणं थांबवायला सांगितलं. कायदा अजून व्हायचाय. तोवर प्रत्येक सुनावणीला मी जाणार.

परवा पलीकडच्या गल्लीतली बाई लग्नासाठी पात्रातली जागा विचारायला आली. मी उठायच्या आधी आईच दारात गेली.

"तिथं न्हाई. आमच्या गल्लीत घाला मांडव. पातेली आमी देतो."