एका काडीवरची कुर्र

आमच्या सावेडीत वायफाय तासभर बंद पडलं तर सोसायटीच्या ग्रुपवर जो दंगा होतो, तो नळाला पाणी आलं नाही तरी होत नाही. मीही त्यात मागे नसते. मुलीच्या वेळी दिवस गेले तेव्हा मी मोबाईलवर नुसती नावंच चाळत असायचे. त्यातलं एक मनाशी पक्कंही केलं होतं. नवऱ्याने ते शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "छान आहे. पण नाव ठेवणार आक्का."

आक्का म्हणजे माझी थोरली नणंद. सासूबाई गेल्या तेव्हा नवरा शाळेतसुद्धा जात नव्हता. त्याला न्हाऊमाखू घालण्यापासून ते कॉलेजला धाडेपर्यंत सगळं आक्कांनी केलं. त्यामुळे पहिल्या लेकराचं नाव आक्कांनी ठेवायचं, हे त्या दोघांनी माझ्या लग्नाआधीच ठरवून टाकलेलं. मला कोण विचारतंय! मी थोडी फुगून बसले, मग म्हटलं, ठेवू देत, बारशात आत्याचाच मान असतो. निदान नाव तरी आधी कळू द्या, असं फोनवर म्हणाले तर आक्का हसल्या. "न्हाई वैनी. आदी पोरीच्या कानात, मग तुमच्या."

बारसं तोंडावर आलं आणि आक्का गोठ्यात पाय घसरून पडल्या. पाय प्लॅस्टरमध्ये गेला, लांबचा प्रवास बंद. बारसं पुढे ढकलू म्हटलं तर दवाखान्यातून फोनवर त्याच ऐकेनात. "पाव्हन्यांस्नी सांगून झालंय. माज्यापायी थांबू नगा." मग नवऱ्याला युक्ती सुचली. "व्हिडिओ कॉल आहे की! आक्का तिथूनच नाव सांगेल." सावेडीत बसून असं सुचायला काय जातंय.

आक्कांचं गाव सुप्यापासून बरंच आत. सुप्यात कंपन्या आहेत, तिथे फोनवर रेंजच्या सगळ्या काड्या भरलेल्या असतात. आत वळलं की एकेक काडी गळत जाते आणि उताराला लागलं की शेवटचीही जाते. गाव खोलगटात बसलंय. टॉवर येणार म्हणून एक खड्डा खणून ठेवलाय, त्यात दुपारच्या शेळ्या बसतात. फोन करायचा तर वरच्या माळावर जायचं. तिथे एका बाभळीपाशी एक काडी येते. एखादा माणूस घरी नसला तर गावात 'रेंजला गेलाय' असं सांगतात, रानात गेलाय म्हणावं तसं.

बारशाच्या दिवशी आक्कांच्या यजमानांनी, म्हणजे दाजींनी, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत गाद्या टाकल्या आणि आक्कांना उचलून बसवलं. आत्या नाव ठेवणार म्हटल्यावर आळीतल्या बायाही ट्रॉलीत चढल्या. इकडे फोनवर ती सगळी जत्रा दिसली आणि मला हसूही आलं आणि भरूनही आलं. हिरव्यागार साडीत, प्लॅस्टरचा पाय पुढे पसरून, वाऱ्यात डोक्यावरचा पदर धरून आक्का बसल्या होत्या.

आम्ही 'कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या' म्हणत बाळाला पाळण्याच्या वरून-खालून फिरवलं आणि पाळण्यात ठेवलं. नवऱ्याने फोन तिच्या उशाशी धरला. आम्ही सगळे त्यावर वाकलो. नाव खरं तर कानात हळूच सांगायचं, पण माळावरच्या वाऱ्यात हळू बोलून कसं भागणार? आक्कांनी जोर लावून हाळीच दिली, "कुर्रर्र!" पोर दचकली. आम्ही सगळे खदखदून हसलो. आत्या नाव सांगत असताना बाकीच्यांनी तिच्या पाठीत धपाटे घालायचे, ही रीतच आहे. ट्रॉलीतल्या बायांनी त्यासाठी हात उचललेही. आणि चित्र जागच्या जागी थांबलं. आक्कांचं तोंड उघडं, बायांचे हात वर. मग तेही गेलं.

पुन्हा लावला, पुन्हा लावला. तीच ती बाई, संपर्क क्षेत्राच्या बाहेर आहे म्हणणारी. हॉलमध्ये कुजबुज सुरू झाली. माझी बहीण कानाशी आली. "तुझं ठरलेलं नाव सांगून टाक ना. आक्कांना मागाहून समजावू." नाव जिभेवर आलंही होतं. पण माझ्या डोळ्यांपुढून ती ट्रॉली हलेना. मोडका पाय घेऊन ती बाई जिथवर काडी येते तिथवर आली, आणि आम्ही राउटर लुकलुकणाऱ्या घरात बसून तिला सोडून पुढे जायचं? मला रागच आला, आणि तो काढावा कुणावर तेही कळेना. मी म्हटलं, "नाव नंतर. आधी जेवायला बसा." आईने माझ्याकडे जे बघितलं ते अजून लक्षात आहे.

दुसऱ्या दिवशी दाजी कामासाठी सुप्याला आले होते, तिथून त्यांचा फोन आला. "झालं ना समदं झ्याक?" नवरा नाव विचारणार, तोच मी फोन ओढून घेतला आणि रविवारी येतो म्हणून सांगितलं. आत्याने सांगायचं नाव दाजींकडून कशाला घ्यायचं? तो आठवडा पोर आमची नुसती 'बाळ' होती.

रविवारी गाडी दारात थांबतेय तोच ओट्यावरून आक्कांनी हाक मारली. आम्हाला नव्हे, बाळाला, नावाने. पाठोपाठ शेजारणींनीही तीच हाक मारली. त्यांच्या लेखी नाव त्या दिवशीच ठेवून झालं होतं. नाव गोड होतं, आणि दोनच अक्षरांचं. एवढ्याशा नावाला ती काडी पुरली नव्हती.

आक्कांनी बाळाला मांडीवर घेतलं. "हाक मारली की बघती का?"

नवरा बोलायला गेला, मी त्याचा पाय दाबला. आक्का आपल्याच नादात होत्या. "लई भ्या वाटत हुतं वैनी. तुमी शिकलेली मानसं, म्हनलं नाव आवडतंय का न्हाई. पन फोनात समदी हसत हुती. तशीच हसत ऱ्हायली, किती येळ. मग जिवाला बरं वाटलं."

म्हणजे तिकडे आमचं हसू थांबून राहिलं होतं. त्या हसण्यावर त्यांनी अख्खा आठवडा काढला होता.

"आक्का," मी म्हटलं, "फोनवरची कुर्र मी धरत नाही. कानात सांगा, तरच बारसं झालं."

"आसं व्हय?" त्या लगेच वाकल्या. इतक्या हळू बोलल्या की खेटून बसलेल्या मलाही काही ऐकू आलं नाही. मी उठून मागे गेले आणि त्यांच्या पाठीत सणसणीत धपाटा घातला.

"आगं बया! हळू की वैनी, पोर दचकंल!"

पोर दचकली नाही. ती आत्याच्या तोंडाकडे बघत होती.